पेन्सिल सेल, मासळीचा खोका आणि आमची बॅटरी : कुठले सेल खरंच किती टिकले

पहिलं एक सांगून टाकतो, आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च आणि आत घालतात ते सेल. दापोलीत दुकानात जाऊन "बॅटरी द्या" म्हटलंत तर समोरचा टॉर्चच काढून दाखवणार. त्यामुळे खाली बॅटरी-सेल हेच शब्द येणार, गोंधळ करून घेऊ नका.

आमचं घर आंजर्ल्याच्या बाजूला, पुढे आगर मागे डोंगर, आणि चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. पावसात लाइट कधी जाईल आणि कधी येईल ते महावितरणला पण माहीत नसतं, म्हणून प्रत्येक खोलीत एक बॅटरी ठेवायची हा नियम. आता होतं काय, पाहुणा रात्री अकराला हाक मारतो, "काका, टॉर्च लागत नाहीये", आणि मग मी माझी बॅटरी घेऊन पाखाडी (चिऱ्यांची उतरती पायवाट) उतरायची, तर माझीच मधे पिवळी पडायला लागते. रात्रीची पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या फटीत फुरसं, म्हणजे विषारी साप, बसलेलं असू शकतं (आई रात्री नाव घेऊ देत नाही, किरडू म्हण म्हणते). तर उजेड हा आमच्याकडे चैनीचा विषय नाहीये.

निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं तेव्हा आमच्या वाडीत जवळजवळ महिनाभर लाइट नव्हती. पोफळी आडव्या, पोल आडवे, रस्ते बंद, आणि गावातल्या दुकानातले सेल दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. शेवटी शेवटी घड्याळातला सेल काढून बॅटरीत घातलेला आठवतोय मला. तेव्हाच ठरवलं होतं की एकदा बसून नीट बघायचं, कुठला सेल किती चालतो ते. ठरवल्यापासून बसायला चार वर्षं लागली, ते सोडा.

तर सामान. बॅटरी एकच ठेवली सगळ्यांना, दोन पेन्सिल सेलवाली (पाकिटावर AA लिहितात ते), अॅल्युमिनियमची, एलईडी, जास्त आणि कमी असे दोन उजेड. ही मुद्दाम अशी घेतली कारण पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात आणि दोन रिचार्जेबल सेल मिळून भरतात 2.4, म्हणजे आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असलं पाहिजे नाहीतर ती रिचार्जेबलवर मिणमिणणारच. ज्या स्वस्त बॅटऱ्यांत रिमोटचे तीन बारीक सेल जातात त्यांत बऱ्याचदा असलं सर्किट नसतं, त्यांचा हिशोब वेगळा. मल्टिमीटर लावून बघितलं तर जास्त उजेडावर ही बॅटरी अर्ध्या अँपिअरच्या आसपास ओढते. लहानशा सेलसाठी हे बऱ्यापैकी ओझं आहे, हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यावरच आहे.

उजेड मोजायला लॅबमध्ये आतून पांढरा रंगवलेला मोठा गोल असतो, त्यात टॉर्च घातला की उजेड सगळीकडे सारखा पसरतो. आता तो कुठून आणू. पण हर्णै बंदर जवळ असल्याचा फायदा म्हणजे थर्माकोलचे मासळीचे खोके. आतून पांढरेशुभ्र, झाकण घट्ट. ओळखीच्या तांडेलाकडे (होडीचा म्होरक्या) मागायला गेलो तर तो म्हणतो, "भाऊ, तुमच्यात म्हावरं चालत नाय, खोका कशाला हवा?" त्याला म्हटलं बॅटरी ठेवायचीय आत, तर बायकोकडे बघून हसला नुसता. खोक्याच्या एका बाजूला बॅटरीच्या तोंडाएवढं भोक, दुसऱ्या बाजूला मोबाइलचा सेन्सर येईल एवढं भोक, मधे कागदाचा आडोसा म्हणजे उजेड थेट सेन्सरवर पडणार नाही, आणि मोबाइलवर लक्स (सेन्सरवर पडणारा उजेड) मोजायचं फुकटचं अॅप. यातून खरे ल्युमेन (बॅटरीचा एकूण उजेड) कळत नाहीत हे मान्य, पण मला सुरुवातीच्या किती टक्के उरला एवढंच हवं होतं, त्याला हे पुरेसं आहे.

खोका तीन वेळा धुतला, उन्हात वाळवला, तरी वास गेला नाही. आईने माजघरात आणू दिला नाही म्हणून सगळं मांगरात मांडलं. पहिल्याच रात्री दीड तासाचं रीडिंग झाल्यावर मांजराने झाकण उडवलं आणि आत जाऊन बसलं. ती टेस्ट फुकट. दुसऱ्या रात्रीपासून झाकणावर जांभा.

नियम कंपन्यांचाच वापरला. टॉर्चच्या खोक्यावर एफएल-1 असं छापलेलं असतं बघा, अमेरिकेत 2009 ला निघालेलं स्टँडर्ड आहे ते. त्यात रनटाइम म्हणजे चालू केल्यावर 30 सेकंदांनी जो उजेड असेल तो शंभर धरायचा आणि तो दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजायचा. दहा टक्के! म्हणजे खोक्यावर "6 तास" लिहिलंय त्यातले शेवटचे दोन-तीन तास नुसती समई असू शकते आणि तरी कंपनी खोटं बोलत नसते. म्हणून मी दोन आकडे लिहिले, अर्धा होईपर्यंतचा आणि दहा टक्क्यांपर्यंतचा. गोठ्यात जायला मला पहिला आकडा महत्त्वाचा वाटतो.

आता आकडे. दापोली बाजारातून आणलेले साधे लाल-काळे सेल, झिंक-कार्बनवाले, ज्यावर "हेवी ड्यूटी" लिहिलेलं असतं (नावाला हेवी आणि कामाला एकदम लाइट). 15 मिनिटांत 71 टक्के. 38 मिनिटांत अर्धा उजेड गायब. तासाला 31, आणि 1 तास 50 मिनिटांनी दहाच्या खाली. मी परत एक नवीन जोडी घालून बघितली, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे, बाकी तेच. यात सेल खराब होते असं नाहीये हो, या जातीला एवढा करंट ओढलेला झेपतच नाही. आतला रोध वाढत जातो, व्होल्टेज बसतं, आणि सेलात अजून माल शिल्लक असताना बॅटरी मान टाकते.

त्याचा पुरावा मजेशीर मिळाला. तेच मेलेले सेल काढून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी खळ्यात उन्हात तासभर ठेवले, लहानपणी आजोबा ठेवायचे तसे. परत घातल्यावर 60 टक्क्यांनी उजेड सुरू! टिकला म्हणाल तर बारा-तेरा मिनिटं, पण टिकला. म्हणजे आजोबांचा सेल उन्हात घालायचा प्रकार खुळचटपणा नव्हता, झिंक-कार्बनला विश्रांती दिली की आतली रसायनं थोडी सावरतात आणि गरम झाल्यावर रोध पण कमी होतो. आम्ही पोरं सेल दातांनी चावायचो त्याचं मात्र समर्थन करत नाही. आणि अल्कलाइन किंवा रिचार्जेबल सेल कृपा करून उन्हात घालू नका, त्यांचं नुकसानच होईल.

मग अल्कलाइन. 45 रुपयांना एक पडला मला, लाल सेलच्या तिप्पट. 15 मिनिटांनी 93 टक्के, तासाला 74, अर्ध्यावर यायला 2 तास 10 मिनिटं, आणि दहा टक्क्यांवर 5 तास 40 मिनिटांनी. बघा म्हणजे, साडेपाच तासांतले साडेतीन तास हा अर्ध्याहून कमी उजेडावर होता. पण गंमत अशी की ते कळत नाही. चौथ्या तासाला आईला बोलावून दाखवलं, मीटरवर 25 टक्के, आणि ती म्हणते "चांगला पडतोय की". हळूहळू उतरणारा उजेड डोळा सांभाळून घेतो, शेजारी नवी जोडी घातलेली दुसरी बॅटरी लावली तेव्हा म्हणाली "अगोबाई". म्हणून "माझे सेल सहा महिने झाले चालूच आहेत" असं कोणी म्हणालं की मी आता मनात दहाने भागतो.

रिचार्जेबल, निकेल-मेटल हायड्राइडवाले, वर किमान 1900 एमएएच (मिलिअँपिअर-अवर, सेलात किती माल मावतो त्याचं माप) लिहिलेले. हे सुरुवातीला जरा मंद असतात, 1.2 व्होल्टचेच ना, अल्कलाइन शंभर धरला तर हा 92 ने सुरू झाला, आणि इथेच बरेच लोक "यात दम नाही" म्हणून परत करतात. पण वीसेक मिनिटांतच अल्कलाइन याच्या खाली गेलेला असतो आणि हा हलत नाही. स्वतःच्या सुरुवातीच्या 97 टक्के तासाला, 95 दोन तासांना, 90 तीन तासांना. 3 तास 35 मिनिटांनी अर्ध्यावर आला आणि 3 तास 50 ला खलास. शेवटी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात उजेड उतरतोय हे डोळ्याला दिसतं, म्हणजे पाखाडीच्या मध्यावर असलात तर घरी पोचता येतं. मला हा मरायचा प्रकार सगळ्यांत आवडला. ऐकायला विचित्र वाटेल पण सेल किती जगतो याच्याइतकंच तो मरतो कसा हे बघायला पाहिजे.

कारण पुढचा बघा. यूएसबीने चार्ज होणारे 1.5 व्होल्टवाले लिथियम पेन्सिल सेल, सध्या ऑनलाइन सगळीकडे तेच. आत छोटी लिथियम-आयन आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किट. उजेडाला तोड नाही. 100, 100, 99, 100, मोबाइल हँग झाला की काय वाटलं मला. 3 तास 20 मिनिटांनी एकदम काळोख. एका सेकंदात. पिवळं होणं नाही, लुकलुकणं नाही. काही कंपन्या शेवटी व्होल्टेज थोडं खाली आणून इशारा देतात म्हणे, माझ्याकडचे तसले नव्हते. टेबलावर ठीक आहे पण पायाखाली ओला जांभा आणि हातात आंब्याची पाटी असताना हे झालं तर काय करणार? शिवाय रेडिओत घातले तर त्या सर्किटमुळे मीडियम वेव्हवर खरखर ऐकू येते, आईने दुसऱ्याच दिवशी काढायला लावले. पाहुण्यांच्या खोलीत तर मी हे कधीच ठेवणार नाही. कॅमेऱ्यात, पोरांच्या खेळण्यात घाला खुशाल.

भाच्याने मुंबईहून एकदाच वापरायचे लिथियम सेल पण आणले होते. हातात घेतला तर वाटतं रिकामाच आहे, 15 ग्रॅम, अल्कलाइन 23 भरतो. 6 तास 10 मिनिटं अर्ध्याच्या वर होता, मग पडला. सगळ्यांत लांब हाच चालला. पण दोन सेलचे चारशेच्या वर रुपये, आणि याचं जे मोठं कौतुक आहे की उणे 40 डिग्रीत चालतो, त्याचं आंजर्ल्यात मी काय करू. वर्षानुवर्षं पडून राहिला तरी जवळजवळ भरलेला राहतो आणि सहसा गळत नाही, म्हणून एक जोडी वादळासाठी बाजूला ठेवली, बास.

इथपर्यंत मी रिचार्जेबलचा भक्त झालो होतो, आणि मग कमी उजेडाची टेस्ट केली. कमी उजेडावर बॅटरी 60 मिलिअँपिअरच्या आसपासच ओढते, संडासला जायला किंवा मीटरपेटी बघायला तेवढा उजेड भरपूर. इथे चित्र पालटलं. रिचार्जेबल 29 तास चालले, आणि अल्कलाइन 35 तास झाले तरी अर्ध्याच्या वर होते, मला मोजायचा कंटाळा आला म्हणून बंद केले. लाल सेलसुद्धा अकरा तास गेले, ज्यांनी जास्त उजेडावर पाऊण तासात हाय खाल्ली होती तेच. सावकाश ओढलं की अल्कलाइन आपला सगळा माल देतो, अर्ध्या अँपिअरवर त्यातला बराचसा आतच राहतो. म्हणजे कुठला सेल चांगला हा प्रश्नच अर्धवट आहे, कशात घालणार ते आधी सांगा. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, तिथे पंधरा रुपयांचा लाल सेल घाला आणि विसरून जा, तिथे रिचार्जेबल घालणं म्हणजे हापूसचं लोणचं.

पैशाचा हिशोब पटकन. लाल जोडी 30 रुपयांना, कामाचा उजेड 38 मिनिटं. रिचार्जेबल चार सेल मला अकराशेला पडले, चार्जर वेगळा, जोडीत साधारण 5 वॉट-अवर वीज मावते आणि वाया जाणारी धरून 8 धरा, म्हणजे एका युनिटमध्ये (1000 वॉट-अवर) शंभराहून जास्त वेळा जोडी भरते. पावसाळ्यात रोज बॅटरी लागणाऱ्या घरात एका मोसमात वसूल. फक्त जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल घेऊ नका जे महिनाभर ठेवले की आपोआप उतरायचे, चार्ज धरून ठेवणारे घ्या. ती जात सान्योने 2005 ला एनेलूप नावाने आणली, आता पॅनासॉनिककडे आहे, आणि इतरांचेही तसे मिळतात, पाकिटावर रेडी टू यूज किंवा प्री-चार्ज्ड असं काहीतरी असतं. एनेलूपवाले दहा वर्षांनी 70 टक्के उरतो म्हणतात, माझी अजून दहा वर्षं झाली नाहीत, पण गणपतीत भरून ठेवलेली जोडी शिमग्याला पालखीबरोबर नेली होती, सहाणेवरून परत येईपर्यंत व्यवस्थित चालली.

आता माझी फसवणूक. ऑनलाइन एक मोठी बॅटरी मागवली होती, झूमवाली, आत जाडा लिथियम सेल, 18650 म्हणतात तो (18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब म्हणून हे नाव). सेलवर ठसठशीत 9900 एमएएच. या साइजमध्ये चांगल्यातला चांगला सेल 3500 च्या आसपास असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संशय आला तो वजनाने. चांगला 18650 45 ते 50 ग्रॅम भरतो, माझा किराणा दुकानातल्या काट्यावर 28. दुकानदार म्हणाला "अहो आत भुसा असेल", आणि फार चुकीचं नव्हतं ते, आकडा दाखवणाऱ्या चार्जरवर लावला तर 1100 सुद्धा नीट भरला नाही. पूर्ण उजेडावर 40 मिनिटं. परत करायची मुदत संपली होती अर्थात. तर असला सेल घेणार असाल तर आधी वजन करा, आणि हो, याच जातीतला पेन्सिल सेलच्या मापाचा 3.7 व्होल्टचा पण मिळतो, दिसायला अगदी सारखा, तो चुकून साध्या बॅटरीत घातलात तर एलईडी उडेल.

प्लगला लावायच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांबद्दल एवढंच की बऱ्याच जणींच्या आत छोटा शिसं-आम्लाचा सेल असतो, तो उतरलेला तसाच ठेवला की खराब होतो. आमच्याकडे दोन मेल्यात, उन्हाळाभर कपाटात पडून.

खारी हवा हा वेगळाच ताप. कुठलाही सेल घाला, स्प्रिंगवर हिरवं चढलं की अर्धा उजेड तिथेच जातो. टेस्ट करताना एकदा रिचार्जेबलचं रीडिंग अचानक 60 वर आलं, मी सेलला शिव्या घातल्या, आणि निघाली ती मागच्या झाकणाची आटी. बारीक सँडपेपरने घासल्यावर परत 95. दर पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसायचं. अल्कलाइन सेल आत विसरलात तर पांढरं फुलतं ते वेगळं, तो अल्कली असतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबू लावायचं म्हणजे मरतो. काकू म्हणाली आगळ लाव कोकमाचं, आंबटच आहे. काकू, त्यात मीठ असतं, बॅटरी वाचवायची की पुरायची? झिंक-कार्बन गळला तर उलट, तो आम्लाकडचा, त्याला खायचा सोडा ओला करून. हात धुवा नंतर. आणि जुना-नवा सेल एकत्र घालू नका, नव्याच्या जोरावर जुना उलटा चार्ज होतो आणि हमखास गळतो. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तेच करतात.

तर आता चारही खोल्यांत रिचार्जेबलवाल्या बॅटऱ्या आहेत, झाकणाच्या आत मार्करने तारीख टाकलेली. अल्कलाइनच्या चार जोड्या बॅटरीत न घालता लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तांदळाच्या पुरचुंडीसकट, कारण कमी उजेडावर दोन रात्री काढायच्या तर तेच कामाचे. मार्चमध्ये कासवांची पिल्लं बघायला येणाऱ्यांना मात्र बॅटरी खोलीतच ठेवायला सांगतो, पांढऱ्या उजेडाने पिल्लं वाट चुकतात. खोका तांडेलाला परत करायला गेलो तर घेईना, म्हणतो "भोकं पाडलीस, आता बर्फ राहील काय त्यात?" त्यात मांजर व्यायलंय.

चार्जिंगचं तेवढं राहत होतं माझ्याकडून, लाइट असते तेव्हा आठवत नाही आणि आठवतं तेव्हा लाइट नसते. ते आता आईने घेतलंय. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना ती सगळे सेल काढून चार्जरला लावते आणि मोदक होईपर्यंत दिवे हिरवे होतात.